जगज्जेता कोणाला म्हणायचं? जास्त जिंकणाऱ्याला की कमी चुकणाऱ्याला?

गोदाकाठ:

मंडळी, हा प्रश्न ७ डिसेंबर २०२५ पासून डोक्यात घोळतोय. त्या संध्याकाळी आमच्या नाशिकच्या इंदिरानगरच्या घरी सहा जण फॉर्म्युला वनची मोसमातली शेवटची, अबुधाबीची शर्यत बघायला जमलो होतो. मॅक्स वर्स्टापन पहिला आला. लँडो नॉरिस तिसरा आला आणि जगज्जेता झाला. वर्षभराच्या बेरजेत ४२३ गुण विरुद्ध ४२१. माझ्या आईने वर्षभरात ही एकच शर्यत पाहिली. ती म्हणाली, "पहिला आलेला शांत उभा आहे आणि तिसरा आलेला आनंदाने रडतोय, हे काय आहे रे?" मी तिला गुणतालिका समजावून सांगितली. तिला ती समजली, पण पटली नाही. मलाही अजून पूर्ण पटलेली नाही.

मोसमात २४ शर्यती झाल्या. वर्स्टापनने ८ जिंकल्या, नॉरिसने ७, पियास्त्रीने ७ आणि रसेलने २. ऑगस्टअखेर झांडव्होर्टची शर्यत झाली तेव्हा वर्स्टापन पियास्त्रीच्या १०४ गुण मागे होता. दुसरा कोणी असता तर त्याने पुढच्या वर्षाच्या गाडीचा विचार सुरू केला असता. हा माणूस तिथून दोन गुणांपर्यंत आला, तेही नॉरिस-पियास्त्रीच्या मॅक्लारेनपेक्षा हळू गाडी घेऊन. माझं मत स्पष्ट आहे: शर्यत हा जिंकायचा खेळ आहे आणि ज्याने सर्वांत जास्त जिंकल्या तो जगज्जेता.

हा प्रश्न फक्त फॉर्म्युला वनचा नाही. जागतिक रॅलीत सेबास्टियन ओजिए १४ पैकी ११ रॅलीच खेळला आणि नववा किताब घेऊन गेला. अमेरिकेत नॅस्कर या मोटारींच्या मालिकेत काइल लार्सन शेवटच्या शर्यतीत एकही लॅप आघाडीवर नव्हता, तरी विजेता झाला. मोटरसायकलींच्या मोटोजीपीत मात्र वादाला जागाच नाही. मार्क मार्केझने मोसमाच्या पाच फेऱ्या शिल्लक असतानाच सप्टेंबरात जपानमध्ये किताब खिशात घातला. अमेरिकेच्याच इंडीकार मालिकेतही तेच. अ‍ॅलेक्स पालोने १७ पैकी ८ जिंकल्या, त्यातच मानाची इंडी ५०० शर्यतही, कोण काय बोलणार?

तर विजेता ठरवायची योग्य पद्धत कोणती? आता २०२६ चा जानेवारी संपत आलाय, नवीन मोसम तोंडावर आहे. त्याआधी हे एकदा बोलून घेऊ.

वरुणास्त्र:

शंभर टक्के सहमत. आणि कतारची शर्यत विसरू नका. शेवटून दुसऱ्या लॅपला अँटोनेली घसरला म्हणून नॉरिस पाचव्याचा चौथा झाला. १० गुणांऐवजी १२. फरक किती राहिला? दोनच. गुण समान झाले असते तर जास्त विजयांवर वर्स्टापन जगज्जेता होता.

चहा_बिस्किट:

हजेरी लावून ठेवतो. हा धागा द्विशतकी होणार.

अपूर्वाई:

@वरुणास्त्र दादा, दोन गुणांचा हिशोब करायचा तर सगळाच करू या. बार्सिलोनात वर्स्टापनने चिडून रसेलच्या गाडीवर गाडी घातली. दहा सेकंदांचा दंड झाला आणि तो पाचव्यावरून दहाव्यावर गेला. दहा गुणांचा एक गुण झाला. ते नऊ गुण कोणी काढून घेतले? त्याने स्वतःच घालवले.

आणि अँटोनेलीबद्दल जपून बोलू या. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्या एका चुकीनंतर लोकांनी त्याला इतक्या घाणेरड्या शिव्या आणि धमक्या पाठवल्या की वर्स्टापनच्या रेड बुल संघाला माफी मागावी लागली. कारण त्याने नॉरिसला मुद्दाम पुढे जाऊ दिलं असं आधी त्यांच्याच लोकांकडून बोललं गेलं होतं. मी त्याच्याच वयाची आहे. परीक्षेत एक गणित चुकलं म्हणून जगभरातून कोणी मला मरून जा म्हणालं असतं, तर मी पुन्हा पेपरला बसले असते का, हे मला सांगता येत नाही.

वरुणास्त्र:

@अपूर्वाई, बार्सिलोनाचं मान्य. तो राग महागात पडला. अँटोनेलीने मुद्दाम केलं असं मी कधीच म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. नशिबाचा भाग सांगत होतो.

सातपूरकर:

मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, म्हणून मला या मोसमातली दुसरीच गोष्ट जास्त लागली. लास वेगास. नॉरिस दुसरा, पियास्त्री चौथा आणि शर्यतीनंतर दोघंही अपात्र. गाडीच्या तळाला जी फळी असते ती नवी असताना १० मिमी असते आणि झिजून ९ मिमीच्या खाली जाता कामा नये. नॉरिसची एका ठिकाणी ८.८८ भरली. म्हणजे ०.१२ मिमी कमी. त्याचे १८ गुण गेले.

घरी मुलगा म्हणाला, "बाबा, एवढ्याशा फरकाने काय होतं? हा तर केसभर चुकीसाठी अन्याय झाला." मी त्याला म्हटलं, आपल्या सातपूर-अंबडमध्ये ०.१२ मिमी कमी भरलेला जॉब (घडवलेला भाग) कोणी घेतो का? ड्रॉइंगवर मर्यादा दिली की विषय संपला. तपासणारा तुमचा चेहरा बघत नाही, मायक्रोमीटर बघतो. मला तो निर्णय फार आवडला, कारण तो किताबाच्या शर्यतीतल्या दोन गाड्यांवर, ऐन शेवटच्या टप्प्यात घेतला गेला. टीव्हीवाल्यांना काय हवंय याचा विचार कोणी केला नाही.

म्हणून माझं उत्तर: जो नियमात बसून सगळ्यात जास्त गुण मिळवतो तो जगज्जेता. नॉरिसने ते १८ गुण घालवूनही किताब घेतला, हेही लक्षात घ्या.

द्राक्षबाग:

मी दिंडोरीचा, शर्यतींतलं फार कळत नाही. मुलाच्या नादाने बघतो. एवढ्या महागड्या गाडीखाली लाकडाची फळी कशाला लावतात, हे कोणी सांगेल का?

सातपूरकर:

@द्राक्षबाग, चांगला प्रश्न. गाडी जमिनीला जितकी चिकटून पळेल तितकी खालची हवा तिला रस्त्याकडे ओढते आणि वळणावर वेग वाढतो. म्हणून प्रत्येकाला गाडी खाली दाबायची असते. पण ती फार खाली गेली आणि तळ घासला की ती हवेची पकड एकदम सुटते आणि गाडी सरळ भिंतीत जाते. १९९४ मध्ये आयर्टन सेना हा चालक शर्यतीतल्या अपघातात गेल्यानंतर ही फळी सक्तीची झाली. गाडी खाली दाबाल तर फळी झिजेल आणि झिजली की पकडले जाल. तपासणीसाला नुसता गेज लावला की कळतं. इतका साधा उपाय क्वचितच कोणाला सुचतो.

द्राक्षबाग:

समजलं. धन्यवाद सातपूरकर भाऊ.

रानवाटा (सध्या मुक्काम शार्लट):

नाशिकरोडचा, नोकरीनिमित्त नॅस्करच्या गावात राहतो. धाग्यात लार्सनचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण ती २ नोव्हेंबरची रात्र इथे अजून कोणी विसरलेलं नाही.

तिथली पद्धत अशी होती की वर्षभर ३५ शर्यती खेळायच्या, गाळत गाळत चार जण उरायचे आणि ३६ वी शर्यत फीनिक्सला. त्या चौघांत जो पुढे तो विजेता. मागचं सगळं शून्य. डेनी हॅमलिनने त्या दिवशी २०८ लॅप आघाडी घेतली होती. ६० शर्यती जिंकलेला माणूस, वीस वर्षं खेळतोय आणि किताब एकही नाही. तीन लॅप राहिले असताना दुसऱ्याच एका गाडीचा टायर फुटला, धोक्याचा पिवळा झेंडा आला आणि सगळे टायर बदलायला पिटमध्ये गेले. हॅमलिनने चार टायर बदलले, लार्सनने दोनच. लार्सन पुढे निघाला आणि तिसरा येऊन विजेता झाला. शर्यत जिंकली ती रायन ब्लेनीने, तो त्या चौघांत नव्हताच.

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने त्या रात्री टीव्ही बंद केला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लावलाच नाही. तो हॅमलिनचा चाहता नाहीये. "खेळ असा नसतो," एवढंच म्हणाला.

आता चांगली बातमी. १२ जानेवारीला नॅस्करने ही पद्धत मोडीत काढली. आता १६ जण आणि शेवटच्या दहा शर्यतींचे गुण मोजून विजेता. एक शर्यत जिंकली की थेट पुढच्या टप्प्यात, हेही बंद. मात्र जिंकणाऱ्याला एका शर्यतीचे ५५ गुण मिळणार, म्हणजे जिंकण्याला किंमत आहे आणि सातत्यालाही. हे प्रेक्षकांनी मागून घेतलंय. बारा वर्षं लोक हेच ओरडत होते.

गोदाकाठ:

@रानवाटा, फार आवडला प्रतिसाद. शेवटच्या दिवसावर सगळं टाकणं चूक, हे मलाही मान्य. मी तसं म्हणत नाहीये. मी वर्षभरातले विजय मोजा म्हणतोय.

जुनाजाणता:

गोदाकाठ, तुम्ही मांडलेली कल्पना नवी नाही. मार्च २००९ मध्ये फॉर्म्युला वनच्या नियामक संस्थेने हीच जाहीर केली होती: जास्त विजय, तो जगज्जेता. संघांनी विरोध केला आणि काही दिवसांत ती मागे घेतली गेली. तो नियम वर्षभर आधी असता तर २००८ चा किताब फेलिपे मासाचा होता. त्याचे ६ विजय, हॅमिल्टनचे ५. प्रत्यक्षात हॅमिल्टन एका गुणाने जिंकला, ९८ विरुद्ध ९७.

आणि मासाचं प्रकरण अजून जिवंत आहे, बरं का. त्या वर्षी सिंगापूरला रेनॉच्या संघाने आपल्याच चालकाला मुद्दाम भिंतीवर गाडी घालायला लावली होती. त्यामुळे सगळ्यांना हळू करणारी सेफ्टी कार आली आणि पिटमधल्या गोंधळात मासाची शर्यत गेली. त्यावरचा त्याचा दावा गेल्या नोव्हेंबरात लंडनच्या न्यायालयाने अंशतः पुढे चालवायला परवानगी दिली. किताब बदलणार नाही, भरपाईचा प्रश्न आहे. सतरा वर्षांनी! खेळात झालेला अन्याय माणूस विसरत नाही, हे मला त्यातून दिसतं.

आता जुन्या गोष्टी काढल्याच आहेत तर आणखी दोन.

१९८८. प्रॉस्ट आणि सेना एकाच संघात. सगळे गुण मोजले तर प्रॉस्टचे १०५, सेनाचे ९४. पण तेव्हा १६ पैकी सर्वोत्तम ११ निकालच धरत. सेना ९०, प्रॉस्ट ८७. सेना जगज्जेता. त्याचे विजय ८, प्रॉस्टचे ७. म्हणजे तुमच्या पद्धतीनेही सेनाच. प्रॉस्टची चूक काय? तो सतत दुसरा येत राहिला.

१९५८. स्टर्लिंग मॉस ४ शर्यती जिंकला, माइक हॉथॉर्न १. किताब हॉथॉर्नचा, ४२ विरुद्ध ४१. पण यातली खरी गोष्ट वेगळी आहे. पोर्तुगालच्या शर्यतीत हॉथॉर्नला अपात्र ठरवणार होते, उलट दिशेने गाडी चालवली म्हणून. मॉस स्वतः त्याच्या बाजूने साक्ष द्यायला गेला: तो शर्यतीच्या रस्त्यावर नव्हता, पादचारी मार्गावर होता. हॉथॉर्नचे गुण राहिले आणि मॉसचा किताब गेला. मॉसला पुढे आयुष्यात एकदाही किताब मिळाला नाही. पण आज तुम्ही कोणाचं नाव जास्त ऐकता?

अपूर्वाई:

काका, १९५८ ची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

चहा_बिस्किट:

आजकाल असा साक्षीदार मिळाला तर त्याच्या संघाचा वकील त्याला खोलीत कोंडून ठेवेल.

धुरळा:

रॅलीवर कोणीच बोलेना म्हणून लिहितो. मागच्या दशकात आपल्या नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची, राष्ट्रीय स्पर्धेची फेरी. मी त्यात मार्शल होतो. पहाटे चारला उठून थर्मासमध्ये चहा भरायचा, अंधारात गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर पोचायचं, फिती बांधायच्या, गावकऱ्यांना समजवायचं की पुढचे काही तास गुरं या बाजूला सोडू नका. मग लांबून इंजिनाचा आवाज यायचा, डोंगराआडून धुळीचा लोट उठायचा आणि काही सेकंदांत गाडी समोरून निघून जायची. त्या काही सेकंदांसाठी दिवसभर उन्हात उभं राहायचो. अजूनही तो आवाज कानात आहे.

आता ओजिएबद्दल. गोदाकाठ, "११ च खेळला तरी जिंकला" असं तुम्ही त्याच्या कौतुकाच्या सुरात लिहिलंय. रॅलीवाला हे असं वाचत नाही. मातीच्या रॅलीत गुणतालिकेत जो पहिला असतो त्याला पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी सोडतात. त्याच्यापुढे रस्ता झाडायला कोणी नसतं. सुटे खडे, बारीक वाळू सगळी त्याच्या टायरखाली, गाडी घसरत राहते. तो रस्ता साफ करत जातो आणि मागून येणाऱ्यांना घट्ट जमीन मिळते. २०२५ मध्ये एल्फिन इव्हान्सने हे झाडूकाम पुष्कळ केलं. सगळ्या १४ रॅली खेळला. ओजिए स्वीडन, केनिया आणि एस्टोनियाला आलाच नाही, त्यामुळे तालिकेत खाली राहिला आणि मातीवर मागून सुटला. सहा रॅली जिंकला. शेवटी २९३ विरुद्ध २८९. चार गुण.

ओजिएचं कौशल्य मी नाकारत नाही. नऊ किताब म्हणजे विक्रमवीर सेबास्टियन लोबची बरोबरी आहे, ती कोणी फुकट देत नाही. पण इव्हान्स पाचव्यांदा दुसरा आलाय. २०२०, २१, २३, २४ आणि २५. वर्षभर दुसऱ्यांसाठी रस्ता झाडून दुसरं यायचं, याच्यासाठी मला मनापासून वाईट वाटतं. माझं मत असं की जगज्जेता व्हायचं तर सगळ्या फेऱ्यांना यायला हवं. हजेरी हाही कौशल्याचा भाग आहे.

गोदाकाठ:

@धुरळा, मातीवर पहिला सुटणारा झाडू मारतो हे माहीत होतं, पण हे दोन मुद्दे मी कधी जोडून पाहिले नव्हते. माझं वाक्य मागे घेतो.

निशिगंधा:

धागा फार छान चाललाय, मध्येच वेगळा विषय काढते, माफ करा. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि नॉरिस जिंकल्यापासून त्याला रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय. घरी आम्हा दोघांनाही यातलं काही माहीत नाही. नाशिकहून सुरुवात कुठून करायची? आणि खरं सांगा, हे मध्यमवर्गीय घराला झेपणारं आहे का?

दुसरी भीतीही आहे. संध्याकाळी गंगापूर रोडला मोठी मुलं ज्या पद्धतीने गाड्या पळवतात ते बघून पोटात गोळा येतो. हा पण दोन-चार वर्षांनी तेच करेल का?

धुरळा:

@निशिगंधा ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. माझ्या पाहण्यात जी मुलं ट्रॅकवर किंवा रॅलीत पळाली, ती रस्त्यावर सगळ्यांत शहाणी निघाली. कारण गाडी घसरली की काय होतं हे त्यांनी हेल्मेट घालून अनुभवलेलं असतं. समृद्धीवर १२० ची मर्यादा ओलांडून हात सोडून व्हिडिओ काढणाऱ्यांनी ट्रॅक बघितलेलाच नसतो.

आणि वेगाची किंमत आम्हालाही माहीत आहे. २०१९ मध्ये राजस्थानात राष्ट्रीय रॅलीच्या बंद केलेल्या रस्त्यावर एक दुचाकी आली आणि एकाच घरातले तिघे गेले. त्या दिवसानंतर फीत बांधताना माझे हात प्रत्येक गाठीला थांबतात. तुमच्या मुलाला हे सगळं सांगा. ऐकूनही त्याला हेच करायचं असेल तर खुशाल करू द्या.

जुनाजाणता:

ताई, सुरुवात कार्टिंगने. कोल्हापूरला कार्टिंगचा चांगला ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. पुढे गेला तर कोइम्बतूर आणि चेन्नई. भारतातून फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला पहिला चालक नारायण कार्तिकेयन कोइम्बतूरचा, २००५ साली. दुसरा करुण चंडोक, २०१० साली. त्यानंतर कोणी नाही. मुंबईचा जेहान दारूवाला त्याच्या खालच्या पायरीवर, फॉर्म्युला टूमध्ये, शर्यती जिंकला, पण वरची जागा मिळाली नाही. आता कुश मैनीने गेल्या मे महिन्यात मोनॅकोला फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत जिंकली.

खर्चाचं खरं सांगायचं तर वर जाल तसं ते सामान्य घराच्या आवाक्याबाहेर जातं, प्रायोजक लागतोच. पण दुचाकीचा रस्ता त्यामानाने स्वस्त आहे. केरळच्या हरित नोआहने २०२४ च्या डकार या वाळवंटातल्या रॅलीत रॅली-टू गटात पहिला क्रमांक घेतला. त्याच डकारमध्ये हिरोच्या मोटरसायकलवर बोट्सवानाचा रॉस ब्रँच एकूणात दुसरा आला. वाळवंटात पंधरा दिवस भारतीय मोटरसायकल टिकली, ही आपल्याकडे पहिल्या पानावर यायची बातमी होती.

आणि मुलाला फक्त चालकच व्हायचंय का, तेही विचारा. अभियंते, टायरवाले, डावपेच आखणारे, डॉक्टर, मार्शल, सगळे त्याच तंबूत असतात.

निशिगंधा:

@जुनाजाणता काका, @धुरळा दादा, दोघांचे मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद त्याला वाचून दाखवले. रॉस ब्रँचवर तो अडकलाय, आता नकाशावर बोट्सवाना शोधतोय.

सातपूरकर:

विषय नाशिकचा निघालाच आहे तर एक सांगू द्या. गाडी नाशिकमध्ये बनते. महिंद्राच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्या देशभर पळतात. आणि विजेच्या गाड्यांची फॉर्म्युला ई सुरू झाली तेव्हापासून, २०१४ पासून, महिंद्राचा संघ त्यात आहे, तिथे आपल्या देशाचा तो एकच. पहिल्या मोसमात करुण चंडोक आणि ब्रुनो सेना चालक होते. पहिला विजय २०१७ मध्ये बर्लिनला, रोझेनक्विस्टने मिळवला. आता त्या संघाचं काम इंग्लंडात बॅनबरीला चालतं. माझ्या मनात इच्छा आहे की त्या गाडीचा एक तरी ब्रॅकेट सातपूरमध्ये मिलिंग व्हावा. हात आहेत आपल्याकडे.

वरुणास्त्र:

आणि शर्यती आपल्याकडे टिकत का नाहीत? ग्रेटर नोएडाला २०११ ते १३ तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा व्हेटेल जिंकला. राज्य सरकारने तिला खेळ न धरता करमणूक धरून कर लावला आणि गाडं अडलं. २०२३ मध्ये फेब्रुवारीत हैदराबादला फॉर्म्युला ई झाली, सप्टेंबरात नोएडाला मोटोजीपी झाली. २०२४ मध्ये दोन्ही रद्द. मी मोटोजीपीला गेलो होतो. उन्हाने चालकसुद्धा हैराण झाले होते, पण बेझेक्की पहिल्या वळणातून निघाला तेव्हाचा आवाज मी विसरणार नाही. ट्रॅक अजून तिथे आहे. फक्त कोणी तरी कॅलेंडरवर टिकून राहायचं ठरवायला हवं.

रानवाटा:

@सातपूरकर, तुम्ही टूलरूमचे म्हणून विचारतो. नव्या इंजिनांच्या कॉम्प्रेशन रेशोचा जो वाद चाललाय तो सोप्या भाषेत सांगाल का? मला इथल्या बातम्या वाचून काही उलगडलं नाही.

सातपूरकर:

सांगतो, हा माझ्याच घरचा विषय आहे.

यंदापासून फॉर्म्युला वनचे नियम मुळापासून बदलले. विजेची मोटर १२० किलोवॉटची होती ती ३५० ची झाली, म्हणजे जवळजवळ निम्मी ताकद विजेची. इंधन पूर्णपणे शाश्वत. डीआरएस (मागचा पंख उघडून वेग वाढवायची सोय) गेलं, त्याऐवजी पुढचे-मागचे दोन्ही पंख हलतात. गाडी ३० किलोने हलकी. आणि इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा (जितका जास्त तितकी ताकद जास्त), १८ वरून १६ वर आणला.

मेख इथे आहे. हा १६ चा आकडा इंजिन थंड असताना, आजूबाजूच्या तापमानाला मोजायचा असं मोसमाआधीच्या नियमात होतं. आता टूलरूममधला पहिला धडा: माप नेहमी २० अंश सेल्सिअसला घ्यायचं. उन्हाळ्यात नुकताच मशिनवरून उतरलेला जॉब मोजू नका, गार होऊ द्या. कारण एक मीटर लांबीचं पोलाद एका अंशाला साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढतं आणि ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. मग एखाद्याने इंजिनाचे भाग असे बनवले की गार असताना रेशो १६ भरतो आणि तापल्यावर धातू पसरून तो पुन्हा १८ च्या जवळ जातो, तर? मर्सिडीज आणि रेड बुल यांनी अशी वाट शोधल्याची चर्चा आहे आणि फेरारी, आउडी, होंडा यांची त्यावर हरकत आहे.

माझं मत विचाराल तर नियमात माप कधी घ्यायचं हे लिहिलं असेल आणि त्या मापात जॉब बसत असेल तर जॉब पास. ज्याला हे सुचलं तो कारागीर मोठा. पण पुढच्या वेळी ड्रॉइंगवर "तापलेल्या अवस्थेत" असं लिहा. वेगासला मी मायक्रोमीटरच्या बाजूने होतो, इथेही मायक्रोमीटरच्याच बाजूने आहे.

रानवाटा:

आता कुठे उलगडलं. हे असं तिथल्या एकाही पत्रकाराने सांगितलं नाही.

अपूर्वाई:

पण काका, यामुळे मेलबर्नला पहिल्याच शर्यतीत एक संघ सगळ्यांना मागे टाकून गेला तर? २०१४ सारखं. तेव्हाही इंजिनाचे नियम बदलले आणि मर्सिडीज कोणाच्या हातीच लागली नाही. मला अकराव्या संघाची उत्सुकता आहे, कॅडिलॅकची. पेरेझ आणि बोटास दोघंही अनुभवी, दोघंही बाजूला टाकलेले. आणि हॅमिल्टनची काळजी वाटते. फेरारीकडून पहिल्या वर्षात एकाही ग्रां प्रीमध्ये पहिल्या तिघांत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यावर ही वेळ आली.

चहा_बिस्किट:

हॅमिल्टनसाठी काळाराम मंदिरात नारळ बोललोय. फेरारीचा रंगही शेंदराच्या जवळचा, देवाला ओळखीचा वाटेल.

द्राक्षबाग:

सगळा धागा सावकाश वाचला. मूळ प्रश्नावर मला जे वाटतं ते लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे प्रदर्शनात घड मांडतात. सर्वांत सुंदर घडाला पहिला नंबर मिळतो. पण त्या घडाचा मालक सर्वांत चांगला बागायतदार असतोच असं नाही. चांगला बागायतदार तो, ज्याचा माल ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत प्रत्येक टप्प्याला टिकतो. अवकाळी आला तरी, डाऊनी रोग आला तरी, मजूर मिळाले नाहीत तरी. एका दिवसाचा घड आणि सहा महिन्यांची बाग यात फरक आहे.

आणि ते वेगासचं वाचून मला २०१० आठवलं. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. आमचाही एक होता. चव उत्तम, रंग उत्तम, साखर उत्तम, पण आकडा मर्यादेच्या वर. वर्षभराची मेहनत बंदरात पडून राहिली. घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही उभे राहिलो ते प्रत्येक फवारणीची वही ठेवून. म्हणून तो नॉरिस नावाचा पोरगा, ज्याचे १८ गुण एका मापाने गेले आणि त्यानंतर फक्त दोन शर्यती उरल्या होत्या, तरी तो उभा राहिला, तो मला जगज्जेता वाटतो.

अपूर्वाई:

काका, नमस्कार करते तुम्हाला.

धुरळा:

+१. आणि इटलीतल्या मोन्झाच्या शर्यतीची भर घालतो. नॉरिसचा पिटस्टॉप रेंगाळला म्हणून संघाने पियास्त्रीला दुसरी जागा परत द्यायला सांगितली आणि त्याने दिली. तीन-तीन गुणांची अदलाबदल. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पिटमधला उशीर हा शर्यतीचाच भाग आहे. रॅलीत सर्व्हिसला उशीर झाला तर दर मिनिटाला दहा सेकंदांचा दंड लागतो, दुसऱ्या गाडीला थांबायला कोणी सांगत नाही. पियास्त्री मुकाट्याने बाजूला झाला, त्या पोराचं कोणी फारसं नाव घेत नाही. म्हणून मी घेतो.

वरुणास्त्र:

मोन्झाची ती अदलाबदल झाली नसती तर नॉरिसचे ४२० आणि वर्स्टापनचे ४२१. मी फक्त आकडे लिहितोय.

सातपूरकर:

आकडे बरोबर आहेत. पण मग अबुधाबीला नॉरिस तिसऱ्या जागेवर समाधान मानून पळाला असता का? एक माप बदललं की पुढचा सगळा जॉब बदलतो.

गोदाकाठ:

धागाकर्ता म्हणून शेवटी परत मूळ मुद्द्यावर येतो.

मी "जास्त विजय तो जगज्जेता" म्हणत आलो होतो. आता तितका ठाम नाही. हॅमलिनचं वाचून एका दिवसावर सगळं टाकण्याचा मला आणखी राग आला, तो कायम आहे. इव्हान्सचं वाचून कळलं की नुसते विजय मोजले तर अर्धवट खेळणारा उलट आणखी सोपा जिंकेल, कारण ओजिएने सहा रॅली जिंकल्या होत्या. हे माझ्याच पद्धतीतलं भोक होतं आणि ते मला दिसलं नव्हतं. आणि द्राक्षबाग भाऊंच्या वहीपुढे माझा आठ विरुद्ध सातचा हिशोब फारच छोटा वाटायला लागला.

पण एवढं मात्र मी सोडणार नाही: पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातलं अंतर वाढायला हवं. २०१० पासून २५ आणि १८ चालत आलंय. २५ चे ३० करा. जिंकायला धोका पत्करणाऱ्याला त्याचं मोल मिळू दे. मोजून पाहिलं, मुख्य शर्यतींच्या विजयांवर पाच-पाच गुण वाढले तर वर्स्टापनचे ४६१ आणि नॉरिसचे ४५८ होतात. म्हणजे निकाल फिरतो. यावर बोला.

आईला काल रात्री १९५८ ची मॉसची गोष्ट सांगितली. तिने तिचं उत्तर ताबडतोब दिलं: साक्ष देणारा.

वरुणास्त्र:

३० ला माझा पाठिंबा! बघा, मी सुरुवातीपासून हेच सांगत होतो.

सातपूरकर:

३० चालेल, पण मोसम सुरू व्हायच्या आधी लिहा. जॉब झाल्यावर ड्रॉइंग बदलायचं नाही.

अपूर्वाई:

मेलबर्नची शर्यत ८ मार्चला आहे, रविवारी सकाळी आपल्याकडे साडेनऊला. गोदाकाठ काका, तुमच्या आजींनाही बसवा. आणि या वेळी त्यांना पहिल्या लॅपपासून दाखवा.

गोदाकाठ:

नक्की. ती आमची आई, तुझी आजी. मिसळ घरची असेल, जागा दहा जणांना पुरेल. द्राक्षबाग भाऊ, मुलाला घेऊन या.

द्राक्षबाग:

तेव्हा काढणी ऐन भरात असते. पण रविवार सकाळचे दोन तास काढतो. येताना पेटी आणतो.